उत्तरा झोपेपर्यंत

१

ऑफिसची कॅब उत्तराला मुनिरक्याच्या तोंडाशी सोडायची तेव्हा बाकीची दिल्ली कामावर निघालेली असायची. गल्लीत शाळेच्या रिक्षा, दुधाच्या पिशव्या, बाल्कनीत उभं राहून दात घासणारी पोरं. आणि या सगळ्यांच्या उलट दिशेने, तोंडावर मास्क, डोळ्यांत वाळू, अशी ही एकटी चाललेली. गुरुग्राममधल्या एका काचेच्या इमारतीत रात्रभर बसायचं, अमेरिकन लोकांच्या मीटिंगा ऐकायच्या आणि बोललेला शब्द न् शब्द टंकून काढायचा, हे तिचं काम. एम.ए. झाल्याचा एवढाच उपयोग झाला, असं ती स्वतःच म्हणायची. हेडफोन काढला तरी कानांत कुणीतरी बोलतच राहायचं.

खोली तिसऱ्या मजल्यावर. आल्यावर जाड पडदा ओढायचा, खालच्या गाडीवरून आणलेला पराठा अर्धा खायचा, अर्धा झाकून ठेवायचा आणि भिंतीला लावलेल्या प्लायच्या पलंगावर आडवं व्हायचं. इथवर सगळं ठीक. पुढे झोप यायला हवी, आणि तिथेच घोडं अडायचं.

झोपेचं आणि उत्तराचं लहानपणापासून वाकडं. कुकरची शिट्टी झाली तरी दचकणारी पोर. "हिच्या अंगात ससा शिरलाय," असं आई म्हणायची. आता आई-बाबा निवृत्त होऊन नाशिकला गेले होते. ससा मात्र दिल्लीतच राहिला. त्यात दिवाळीनंतरच्या त्या धुरकट दिवसांत सुधन्वाकाका गेले, आणि उरलीसुरली झोपही त्यांच्यामागून गेली.

त्या सकाळी ती अशीच तळमळत पडली होती. डोकं जड, डोळे मिटलेले. कूस बदलून ती भिंतीकडे वळली आणि लहानपणीच्या सवयीने हात आपोआप पुढे गेला. बोटांच्या सांध्यांनी तिने भिंतीवर दोनदा ठोकलं. टक टक.

तिचं तिलाच हसू आलं. चांगली घोडी झालीस, आणि हे काय! ती भिंत कुठे, ही कुठे. ते सरकारी क्वार्टर पाडूनसुद्धा आता वर्षं झाली.

मग भिंत वाजायला लागली.

आवाज कानाला कमी आणि गालाच्या हाडाला जास्त लागत होता. खर्जातला, सावकाश, मोजक्या सुरांचा एक फेरा. आणि प्रत्येक फेऱ्याच्या शेवटी, घरी आलेला माणूस दारात चप्पल काढतो तसा एक छोटासा ठेका. तो ओळखीचा वाटला यात नवल नव्हतं. नवल याचं, की भीती वाटायच्या आधीच उत्तराला झोप लागली.

२

दिल्लीत ज्यांची कॉलेजं रॉक ऐकण्यात गेली, त्यांना सुधन्वा टिपणीस कोण हे सांगावं लागत नाही. 'अंधा मोड' हा त्यांचा बँड. त्याच्याआधी इथे बेस गिटार म्हणजे ज्याला धड गिटार येत नाही त्याच्या गळ्यात मारायचं वाद्य होतं. सुधन्वांनी ते पुढे आणलं. गाणारा कोण होता हे लोक विसरले. खालचा तो खर्ज विसरले नाहीत. नंतर दिल्लीत ज्यानं ज्यानं त्या चार जाड तारांना हात लावला, त्यानं आधी सुधन्वांची नक्कल केली. पंजाबी असो की बंगाली, सगळे त्यांना काकाच म्हणायचे.

उत्तराचे ते खरेखुरे काका. शेजारचे. दक्षिण दिल्लीतल्या सरकारी कॉलनीत दोन क्वार्टरांमध्ये एकच भिंत होती: अलीकडे मंत्रालयात नोकरी करणारी उत्तराची आई, पलीकडे दुसऱ्या मंत्रालयातल्या पद्मजाकाकू. "क्वार्टर हिचं, पगार हिचा, मी हिचा. भिंत तेवढी माझी," असं काका हसत म्हणायचे. कॉलनीत स्पीकर लावून सराव करायची सोय नव्हती. मग ते काय करायचे, तर खुर्ची भिंतीला लावून बसायचे आणि बेसच्या मानेचं टोक भिंतीला टेकवायचे. लाकडातून सूर भिंतीत उतरायचा आणि त्यांना स्वतःचं वाजवणं नीट ऐकू यायचं. अर्धं त्यांना, अर्धं पलीकडे अंथरुणात जाग्या असलेल्या उत्तराला.

एकदा वाजवणं मध्येच थांबलं, तेव्हा तिने घाबरत घाबरत भिंतीवर दोनदा ठोकलं. त्यांना वाटलं, तक्रार आहे. दुसऱ्या दिवशी जिन्यात त्यांनी तिला गाठून माफी मागितली, तर ही मान खाली घालून म्हणाली, "बंद करू नका ना."

मग करार झाला. "तू ठोक, मी वाजवतो. तू झोपलीस की मी थांबणार. बिल्कुल पक्कं."

ते कसे थांबायचे, शेवटचा सूर कुठला, हे तिला कधीच कळलं नाही. तोवर ती झोपलेली असायची.

पुढे हा किस्सा त्यांनी स्टेजवरून सांगितला, आणि दिल्लीच्या पोरांनी तो उचलला. तेव्हापासून 'अंधा मोड'च्या कार्यक्रमात 'वन्स मोअर' कुणी ओरडायचं नाही. सगळ्यांनी मिळून दोनदा पाय आपटायचे. धप्प धप्प. आणि काकांनी कितीही दमलेले असले तरी पुन्हा वाजवायचं. नाही म्हणणं त्यांना जमलंच नाही.

३

पहिल्या दिवशी उत्तराने ठरवलं, शेजारच्या इमारतीत कुणी काकांचा चाहता राहत असणार. मुनिरक्यात विद्यार्थी काय कमी आहेत? बिचारा तोही रडून रडून वाजवत असेल. दुसऱ्या दिवशी ठरवलं, पाण्याची मोटर. तिसऱ्या दिवशी काही ठरवलं नाही; दोनदा ठोकलं आणि झोपली. झोप अशी गाढ की उठल्यावर गालावर उशीचे वळ. ऑफिसात तिच्या टंकलेखनात चुका सापडेनाशा झाल्या.

पण जसजसे दिवस गेले तसतसं वाजवणं जड होत गेलं. फेरा तोच, मात्र एखादी तार नीट दाबली न गेल्यासारखी झणझणायची. एखादा सूर यायचाच नाही, आणि त्याच्या जागी कापडावर कापड घासल्यासारखा काहीतरी सरसराट व्हायचा. उत्तरा रात्रभर दुसऱ्यांचे आवाज ऐकणारी; बोलणारा माणूस कधी कंटाळलाय, कधी आजारी आहे, हे तिला श्वासावरून कळायचं. हे वाजवणारं माणूस दमलेलं होतं.

एका सकाळी जिन्यात घरमालकीण भेटली. उत्तराने सहज म्हणून विचारलं, "आंटी, मेरे पलंग वाली दीवार के उधर कौन रहता है?"

"उधर?" आंटी पायरीवर टेकून दम खात होती. "उधर कौन रहेगा, बेटा? डक्ट है. कबूतर रहते हैं. बदबू आ रही है क्या?"

"नहीं, आवाज़."

"तो कबूतर ही होंगे. जाली लगवा दूँगी."

उत्तराने न्हाणीघराच्या झरोक्यातून वाकून पाहिलं. दोन इमारतींमधली एक उभी, काळी फट. पाइप, पिसं, खाली पडलेल्या प्लास्टिकच्या बादल्या. माणूस सोडा, खुर्चीसुद्धा मावली नसती. तिच्या पलंगाच्या उंचीवर, पलीकडून, भिंतीचा एक गोल तुकडा तेवढा गुळगुळीत झाला होता. लाकूड टेकवून टेकवून होतो तसा.

कबुतरं अंग घासत असतील, असं ती मोठ्याने म्हणाली. मोठ्याने म्हटलं की खरं वाटतं.

४

रविवारी दुपारी काकांच्या चाहत्यांनी आठवणींचा कार्यक्रम ठेवला होता. गुरुग्रामच्या एका उंच सोसायटीचं क्लबहाउस, कारण अंशुमन तिथे राहत होता. एकेकाळी काकांच्या बॅगा उचलणारा अंशुमन आता कुठल्याशा कंपनीत मोठा साहेब होता. शेजारच्या हॉलमध्ये कुणाच्या तरी पहिल्या वाढदिवसाचे फुगे लावणं चाललं होतं. इकडे पोटं सुटलेली माणसं जुने काळे टी-शर्ट घालून आली होती.

"यार, टी-शर्ट सिकुड़ गई," जयदीप सिंग म्हणाला. एका जुन्या, बंद पडलेल्या बँडमध्ये तो ड्रम वाजवायचा.

"टी-शर्ट वही है," कादंबरी म्हणाली. ही वकील, काकांकडे बेस शिकलेली. "तू फैल गया है."

पुढे टेबलावर काकांचा फोटो होता आणि शेजारी स्टँडवर त्यांचा बेस, झेंडूची माळ घातलेला. त्याला कुठलीही वायर जोडलेली नव्हती. पहिल्या रांगेत पद्मजाकाकू पांढरी शाल घट्ट लपेटून बसल्या होत्या.

जयदीप बोलायला उठला. "हमारी पंजाबी में काका छोटे बच्चे को बोलते हैं. बीस साल मैं एक सफ़ेद दाढ़ी वाले आदमी को बच्चा बुलाता रहा, और उसने एक बार बुरा नहीं माना." लोक हसले. तो हसला नाही. "एक बात बताऊँ? हँसना मत. मैं अब भी गाड़ी में बैठ के स्टीयरिंग पे दो बार ठोकता हूँ. और... सुनाई देता है."

फुगे फुगवायचा पंप तेवढा शेजारी फुसफुसत होता.

"मुझे भी," मागून कुणीतरी म्हणालं. मग आणखी कुणीतरी.

कादंबरीने मान खाली घातली होती. ती उत्तराच्या कानाशी मराठीत पुटपुटली, "मलाही येतं गं. पण थकल्यासारखं, नाही?"

उत्तराने चहाचा कप खुर्चीखाली ठेवून दिला.

"श्रद्धा है, यार," अंशुमन म्हणाला. "ऐसे ही तो लोग ज़िंदा रहते हैं. चलो, काका के लिए. सब मिल के!"

आणि सगळ्यांनी दोनदा पाय आपटले. धप्प धप्प.

पाण्याचे ग्लास किणकिणले. बेसवरची माळ थरथरली, आणि ग्लास थांबले तरी थरथरतच राहिली. उत्तराला सर्वांत जाड तार मधोमध पुसट दिसली. वाजत असलेली तार दिसते तशी. पायाखालून काहीतरी चाललं होतं, ते तिला चपलांतून कळत होतं. बाकीच्यांचे डोळे मिटलेले होते, चेहरे सुखावलेले. कुणीतरी हुंदका दिला, आणि त्यांनी पुन्हा पाय आपटले. पुन्हा.

पद्मजाकाकू उठल्या आणि कुणाकडे न बघता बाहेर गेल्या.

५

बाहेर पोहायच्या तलावात पाणी नव्हतं. काठावरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर काकू बसल्या होत्या. उत्तरा जवळ गेली तेव्हा त्यांनी वर न बघताच शेजारची खुर्ची ओढून दिली.

"शेवटच्या वर्षी त्यांची बोटं सुजायची," काकू म्हणाल्या. "दोन बोटांना पांढरी चिकटपट्टी गुंडाळायचे आणि वाजवायचे. म्हटलं, सांगा ना लोकांना, नाही जमत म्हणून. तर म्हणे, पाय आपटलेत त्यांनी, आता कसं सांगू."

"मला माहीत नव्हतं, काकू."

"कुणालाच नव्हतं. कपाटात पट्टीचा एक रोल आहे. ते गेले तेव्हा कोरा होता, वेष्टनसुद्धा फोडलं नव्हतं. आता आतला पुठ्ठा दिसायला लागलाय."

"तुम्हीच कशाला तरी वापरली असेल, काकू. लक्षात नसेल."

"मी कशाला वापरू? माझी बोटं चांगली आहेत." काकूंच्या आवाजात भीती नव्हती, नुसता शीण होता. "नवा रोल आणून ठेवलाय. काय करणार?"

आतून पुन्हा धप्प धप्प ऐकू आलं. काकूंनी डोळे मिटून घेतले.

"तू ठोकतेस का गं अजून?"

"नाही, काकू."

काकूंनी तिच्याकडे नीट बघितलं. लहानपणी लाडू चोरल्यावर बघायच्या तसं.

"मी रागवत नाहीये. या लोकांचं काय, दोन मिनिटं वाजलं की समाधान होतं. तुझं तसं नाही. तू झोपेपर्यंत त्यांना जागचं हलता यायचं नाही. पान वाढलेलं असायचं. मी हाक मारली की ओठांवर बोट ठेवायचे. भिंतीला कान लावून तुझा श्वास ऐकायचे आणि मगच उठायचे. सोंग केलंस तर लगेच कळायचं त्यांना. 'जागी आहे चोर,' म्हणायचे, आणि परत सुरू."

"आणि मग ते झोपायचे?"

"ते?" काकू पहिल्यांदाच हसल्या. "त्यांना कुठली झोप! तुला ते होते. त्यांना कोण होतं झोपवायला?"

जायला निघताना त्यांनी उत्तराचा हात घट्ट धरला. "ठोकू नकोस. आणि ठोकलंसच कधी, तर झोप हं. जागी नको राहूस, बाळा."

६

दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीत आल्या आल्या उत्तराने पलंग ओढून भिंतीपासून हातभर लांब केला. पडदा लावला. दोन्ही हात उशीखाली दाबून आडवी झाली. ठोकायचं नाही. काही झालं तरी नाही.

मुनिरक्यातल्या घरांच्या फरशा कुठे सपाट असतात? पलंग इतकी वर्षं एका जागी बसला होता. नव्या जागी त्याचा एक पाय अधांतरी राहिला. तिने कूस बदलली आणि तो फरशीवर आपटला.

टक टक.

ती श्वास रोखून पडून राहिली. कबुतरं फडफडली, आणि मग फेरा सुरू झाला.

आज तिला भीती वाटली. इतके दिवस न वाटलेली सगळी एकदम. झोप आता कुठली! ती उठली, पायांत चपला अडकवल्या, दाराची कडी काढली. मेट्रोत जाऊन बसावं, कुठल्याही मॉलमध्ये, माणसांत. एवढ्यात मागे एक सूर निसटला, सरसरलं, आणि कुणीतरी हळूच, दुसऱ्याला ऐकू जाऊ नये अशा बेताने, सुस्कारा टाकला. पुन्हा फेरा पहिल्यापासून.

ती गेली असती तरी ते वाजवत बसले असते. वाढलेलं पान तसंच राहिलं असतं.

तिने कडी लावली. पलंगावर येऊन पडली, डोळे गच्च मिटले. झोप, उत्तरा. झोप ना, बाई. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, झोप येईना. शेवटी तिने सोंग केलं. झोपलेल्या माणसासारखा लांब, संथ श्वास. आत, बाहेर.

वाजवणं थांबलं.

सगळं इतकं शांत झालं की खालच्या गल्लीतल्या भाजीवाल्याची हाक दुसऱ्या गावातून आल्यासारखी वाटली. त्या शांततेत कुणीतरी ऐकत होतं, अगदी जवळून. तिने श्वास तसाच चालू ठेवला. पण छातीतला ससा काही ऐकेना.

फेरा परत सुरू झाला.

आता तो भिंतीतून येत नव्हता. पलंगाच्या उशाकडच्या फळीतून येत होता, आणि पलंग तर भिंतीपासून हातभर लांब होता. तिचे दात त्या सुराबरोबर कंप पावत होते. पडद्याच्या फटीतून येणारी उजेडाची रेघ फिरत फिरत फळीपर्यंत आली, आणि कितीही नको म्हटलं तरी उत्तराचे डोळे उघडले.

भिंत आणि पलंग यांच्या मधल्या अंधारातून दोन बोटं वर आलेली होती, फळीच्या कडेवर नुसती टेकलेली. बसचा दांडा धरून उभ्या उभ्या डुलकी घेणाऱ्या माणसाची असतात तशी. त्यांच्यावरची पांढरी पट्टी सुटून लोंबत होती. पट्टीखाली जे होतं, त्याला बोटं म्हणायचं ते केवळ तिने ती ओळखली म्हणून.

तिने डोळे मिटले. ओरडायला तोंड उघडलं, आणि ओरडण्याऐवजी तिच्या घशातून तोच फेरा आला. तोंड मिटून, नाकातून, थरथरत. गाणं तिला कधीच येत नव्हतं. पण हे तिला ज्या वयापासून पाठ होतं, त्या वयातलं दुसरं काहीच पाठ नव्हतं.

पहिल्या फेऱ्याला फळी तिच्याबरोबर वाजत होती. मग मागे पडत गेली. एक सूर तिचा, एक तिकडचा. मग दोन तिचे, एक तिकडचा. मग नुसती तीच गुणगुणत राहिली, आणि फळीतून जे यायला लागलं तो सूर नव्हता. लांब, जड, एकसारखा श्वास. ती तो ऐकत राहिली. सोंगातला श्वास कसा असतो हे तिला नुकतंच कळलं होतं, आणि हा तसा नव्हता.

"झोपा, काका," ती पुटपुटली आणि हळूहळू, कुणाच्या अंगावरून हात काढून घ्यावा तशी, गप्प झाली.

उजेडाची रेघ विटकरी होऊन विझली. खाली शाळेतून परतलेली मुलं क्रिकेटवरून भांडत होती. फोन उजळला: कॅबचा ड्रायव्हर, "मैडम, नीचे खड़ा हूँ." उत्तराच्या अंगातून सगळी ताकद गेली होती, पापण्या आपोआप मिटत होत्या. तिने उठायला एक पाय खाली टेकवला.

फळीवर, अगदी तिच्या कानापाशी, कुणीतरी दोनदा ठोकलं. हलकेच. घाबरत घाबरत.

टक टक.

फोन वाजत राहिला, वाजून थांबला, परत वाजला. उत्तराने पाय वर घेतला आणि फेरा पहिल्यापासून धरला.